प्राचीन वैद्यपरीक्षा व तद्विद्यसंभाषा

वैद्यानें परीक्षा किती वेळां द्यावी? एकदां पदवी मिळवून व्यवसायास आरंभ केला म्हणजे तो जन्मभर वैद्यच राहतो, कीं ठराविक काळानें त्याचें ज्ञान व हस्तकौशल्य पुन्हां पाहिलें जावें? हा वाद गेल्या पन्नास-साठ वर्षांत पाश्चात्य राष्ट्रांत चालू असून आपल्याकडेही येऊन पोंचला आहे. त्यांत दोन विधानें वारंवार ऐकूं येतात. एक असें कीं, आपल्या प्राचीन वैद्यास परीक्षक असा कोणी नव्हताच. गुरूचा आशीर्वाद व रोग्याचा विश्वास एवढ्यावर त्याचा व्यवसाय चाले. दुसरें असें कीं, प्राचीन काळीं राजा वैद्याची परीक्षा घेत असे, यास्तव हल्लींची सारी व्यवस्था आपल्या पूर्वजांस ठाऊक होती. हीं दोन्ही विधानें मूळ ग्रंथ न पाहतां केलेलीं आहेत, असें आम्हांस वाटतें.

ग्रंथांवरून जें दिसतें तें निराळें आहे. राजाची सत्ता वैद्याच्या व्यवसायांत दोनच ठिकाणीं उभी होती. एक प्रवेशाच्या दाराशीं, व दुसरी अपराध घडल्यावर दंडाच्या वेळीं. या दोहोंच्या मधला जो तीस-चाळीस वर्षांचा काळ, ज्यांत वैद्य खरोखर रोगी तपासतो व औषध देतो, तो शास्त्रकारांनीं वैद्यांच्या परस्पर संभाषेवर सोंपविला होता. हें विधान ग्रंथाधारानें सिद्ध करणें, व पुढील काळांत या मधल्या जागेचें काय झालें तें पाहणें, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम साधनांविषयीं दोन शब्द. चरक व सुश्रुत यांच्या संहिता एका हातच्या किंवा एका काळच्या नाहींत. अग्निवेशाच्या तंत्रावर चरकानें संस्कार केला व उणा राहिलेला भाग दृढबलानें पुरा केला, असें चरकसंहितेंतच सांगितलें आहे. सुश्रुतसंहितेची काठमांडू येथील कैसर ग्रंथालयांत असलेली ताडपत्री पोथी इ. स. ८७८ मधील आहे. मूळ ग्रंथ अर्थात् तिच्याहून बराच जुना. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यांतून वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य यांनीं डल्हणाच्या टीकेसह सुश्रुत (१९३८) व चक्रपाणीच्या टीकेसह चरक (१९४१) शोधून प्रसिद्ध केले. त्या आवृत्त्या अभ्यासकांच्या परिचयाच्या आहेत. कौटिलीय अर्थशास्त्र १९०९ सालीं म्हैसूर येथें शामशास्त्री यांनीं छापून काढलें, तेव्हांपासून राजशासनाची बाजूही ग्रंथावरून पाहतां येऊं लागली.

आतां प्रवेशद्वार पाहूं. सुश्रुताच्या सूत्रस्थानांतील नववा अध्याय 'योग्यासूत्रीय' नांवाचा आहे. योग्या म्हणजे हाताचा सराव. सर्व शास्त्र पढलेल्या शिष्याकडूनही ही योग्या करवून घ्यावी, असें ग्रंथकार सांगतो; कारण पुष्कळ ऐकलेला पण हात न चालविलेला मनुष्य प्रत्यक्ष कर्माला अयोग्य होय. कोहळा, दुध्या भोपळा, कलिंगड, काकडी यांवर छेदन शिकवावें. पाणी व चिखल भरलेल्या पखालींवर व चामड्याच्या पिशव्यांवर भेदन. केंसाळ कातड्यावर लेखन. मृत जनावरांच्या शिरांवर व कमळाच्या देंठांवर वेधन. किडीनें खाल्लेल्या लांकडांत व वेळूंत एषण. फणस, तोंडलें, बेल यांच्या गरांतून बी काढून आहरण. जाड-पातळ वस्त्रांवर व मऊ चामड्यावर सीवन. आणि बाहुल्याच्या अवयवांवर बंधन. ही यादी बारकाईनें पाहिली असतां परीक्षेचें स्वरूप ध्यानांत येतें. नुसतें पाठांतर पुरेसें धरलेलें नाहीं. याच संहितेंत आधीं, तिसऱ्या अध्यायांत, केवळ शास्त्र जाणणारा व केवळ कर्म जाणणारा अशा दोघांसही एक पंख तुटलेल्या पक्ष्याची उपमा दिली आहे.

यानंतरचा दहावा अध्याय विशिखानुप्रवेशाचा. विशिखा म्हणजे रस्ता. व्यवसायाकरितां वैद्यानें लोकांत पाऊल टाकणें तो विशिखानुप्रवेश. येथें अटी मोजून दिल्या आहेत. तंत्र पढलेलें असावें, त्याच्या अर्थाची उपासना केलेली असावी, कर्म पाहिलेलें असावें, योग्या केलेली असावी, शास्त्र दुसऱ्यास सांगतां यावें, आणि राजाची अनुज्ञा असावी. मग नखें-केंस कापून, शुचिर्भूत होऊन, शुभ्र वस्त्र नेसून, छत्र व दंड घेऊन, पायांत वहाणा घालून वैद्यानें बाहेर पडावें. राजानुज्ञेचा उल्लेख येथें स्पष्ट आहे; परंतु ही अनुज्ञा ठराविक वर्षांनीं पुन्हां घ्यावी, असें या अध्यायांत म्हटलेलें नाहीं. दार एकदां उघडलें कीं उघडलें.

दुसरें टोंक दंडाचें. कौटिल्यानें वैद्याचा विचार चौथ्या अधिकरणांत, कंटकशोधनाच्या आरंभीं, विणकर, धोबी, सोनार इत्यादिकांबरोबर केला आहे. प्राणघातक व्याधि राजाधिकाऱ्यास न कळवितां चिकित्सा केली व रोगी मेला तर प्रथम साहस दंड. चिकित्सेच्या दोषानें मेला तर मध्यम. आणि मर्मस्थानास इजा झाली किंवा व्यंग आलें तर तो दंडपारुष्याचा अपराध. मनूनें पशूंच्या बाबतींत प्रथम व मनुष्यांच्या बाबतींत मध्यम साहस सांगितला आहे. त्याच्या मानानें मध्यम साहस म्हणजे ५०० पण. याज्ञवल्क्यानें राजपुरुषांच्या बाबतींत उत्तम साहस, म्हणजे त्याच्या मानानें १०८० पण, अशी भर घातली. मिताक्षराकार विज्ञानेश्वर, ज्यानें कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या काळीं आपली टीका लिहिली, तो या वचनाचा अर्थ करितांना एक महत्त्वाची गोष्ट सांगतो. आयुर्वेद न जाणतां केवळ पोटासाठीं आपण चिकित्सा जाणतों असें भासवून जो उपचार करितो, त्यास हा दंड आहे. म्हणजे रोगी मेला एवढ्यावरून वैद्य अपराधी होत नाहीं. नसलेल्या ज्ञानाचा खोटा दावा हा अपराध आहे. मात्र त्या दाव्याची शहानिशा रोग्याचें वाईट झाल्यावर व्हावयाची. रोग्याच्या दृष्टीनें हा न्याय उशिराचा होय.

मग मधल्या काळाचें काय? येथें चरकाकडे वळलें पाहिजे. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायांत त्यानें ज्ञानप्राप्तीचे तीन उपाय सांगितले आहेत: अध्ययन, अध्यापन व तद्विद्यसंभाषा. यांपैकीं पहिला शिष्याचा व दुसरा आचार्याचा असें कोणी समजेल, पण तिन्ही उपाय एकाच मनुष्यास जन्मभर लावलेले आहेत. आयुर्वेदास पार नाहीं, म्हणून प्रमाद न करितां सतत त्यांत लागून राहावें, असें तो बजावतो. शहाण्यास सारें जगच आचार्य असतें व मूर्खास तेंच शत्रु वाटतें. यास्तव वैऱ्याचेंही हितकर बोलणें ऐकून घ्यावें, इथपर्यंत त्याचा उपदेश जातो. ज्या काळांत गुरुवाक्य हेंच प्रमाण मानण्याची रीति होती, त्या काळांत प्रतिस्पर्ध्याचें वचनही ग्राह्य ठरविणें ही लहान गोष्ट नव्हे.

तद्विद्यसंभाषा म्हणजे तीच विद्या जाणणाऱ्यांशीं केलेली चर्चा. हिचे लाभ चरकानें व्यवहारी माणसाप्रमाणें मोजले आहेत. ज्ञान स्वच्छ होतें, बोलण्याची शक्ति येते, पूर्वीं ऐकलेल्याविषयींचा संशय फिटतो, न ऐकलेलें ऐकूं येतें. शिवाय आचार्यानें प्रसन्न होऊन एखाद्याच सेवातत्पर शिष्यास क्रमाक्रमानें सांगितलेलें जें गुह्य, तें वादाच्या भरांत, जिंकण्याच्या उत्साहानें, समोरचा मनुष्य एकदम बोलून जातो. घराण्याघराण्यांत कोंडलेली विद्या बाहेर काढण्याचें हें साधन होतें, हें ज्यांनीं वैद्यघराण्यांच्या पोथ्या मिळविण्यासाठीं उंबरठे झिजविले आहेत त्यांस निराळें सांगावयास नको.

अशा सभांचीं उदाहरणें संहितेंतच आहेत. सूत्रस्थानाच्या बाराव्या अध्यायांत वायूच्या गुणदोषांविषयीं, पंचविसाव्यांत पुरुष व रोग यांच्या उत्पत्तीविषयीं, आणि सव्विसाव्यांत, चैत्ररथ वनांत, रसांच्या संख्येविषयीं ऋषींनीं केलेले वाद आले आहेत. रस एकच आहे येथपासून असंख्य आहेत येथपर्यंत मतें मांडलीं जातात व शेवटीं आत्रेय सहांचा निर्णय देतो. हे वाद ऐतिहासिक घटना म्हणून घेण्याचें कारण नाहीं. तथापि ग्रंथकारास शास्त्राचा निर्णय अशाच रीतीनें व्हावा असें वाटत होतें, एवढें त्यांवरून निश्चित होतें.

याची उलट बाजू एकोणतिसाव्या अध्यायांत आहे. तेथें वैद्यांचे दोन वर्ग केले आहेत: प्राणांचा सोबती तो प्राणाभिसर, व रोगांचा सोबती तो रोगाभिसर. दुसऱ्याचें वर्णन वाचतांना हें आजचेंच कीं काय असा भास होतो. तो वैद्याचा वेष घालून रस्त्यांतून हिंडतो, कोणी आजारी असल्याचें कानीं येतांच तेथें झडप घालतो, रोग्यास ऐकूं जाईल अशा आवाजांत आपले गुण सांगतो, आधींच्या वैद्याचे दोष काढतो, रोग्याच्या आप्तांस गोड बोलून वश करितो, आणि गुण न आल्यास परिचारक, साधनें व पथ्य यांचा दोष रोग्याच्याच माथीं मारतो. विद्वानांच्या सभेस तो घोर अरण्याप्रमाणें टाळतो. त्याचा आचार्य, शिष्य, सहाध्यायी किंवा वादांतील प्रतिपक्षी कोण, हें कोणास ठाऊक नसतें. हें शेवटचें लक्षण आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचें. चरकाच्या दृष्टीनें अज्ञ वैद्य ओळखण्याची खूण अशी कीं, त्याच्याशीं बरोबरीच्या नात्यानें बोलणारा दुसरा वैद्य नसतो.

असे लोक राष्ट्रांत फिरतात ते राजाच्या प्रमादामुळें, असें चरक म्हणतो. सुश्रुतही कुवैद्याचें खापर राजदोषावरच फोडतो. या दोन उल्लेखांचा ऐतिहासिक अर्थ काळजीपूर्वक केला पाहिजे. राजानें वैद्य पारखावा अशी अपेक्षा होती, आणि ती पुष्कळ वेळां पुरी होत नसे, हें दोन्ही त्यांवरून सिद्ध होतें. यास्तव प्राचीन काळीं परीक्षा मुळींच नव्हती हें जसें खोटें, तसेंच ती सर्वत्र कडक होती हेंही खोटें.

संभाषेची भलामण करितांना तिचा दोष झांकून ठेवणें योग्य होणार नाहीं. चरकानें तिचे संधायसंभाषा व विगृह्यसंभाषा असे दोन प्रकार केले आहेत. पहिली सलोख्याची, तिच्यांत न भितां विचारावें, निर्धास्तपणें सांगावें, हरल्यास खंत नको व जिंकल्यास फुशारकी नको. दुसरी जिंकण्याची, तिच्यांत प्रतिपक्षी आपल्याहून वरचढ, बरोबरीचा कीं हीन तें आधीं ताडून पाहावें, वरचढाशीं वाद टाळावा, आणि हीनास कोणत्या युक्तीनें लवकर नमवावें, याचेंही मार्गदर्शन आहे. म्हणजे ज्या सभेंत ज्ञान वाढावें तिच्यांतच ज्ञानाचें सोंग वठविण्याची सोय होती. शिवाय संभाषा ऐच्छिक होती. जो सभेस जात नसे त्यास लोकांनीं ओळखावें एवढेंच शास्त्र सांगतें. त्यास ओढून आणण्याचा अधिकार कोणास दिलेला नाहीं.

ही उणीव केवळ आपल्याकडेच होती असें नाहीं, हें दाखविण्यासाठीं बगदादचें एक प्रसिद्ध उदाहरण देतों. हिजरी सन ३१९, म्हणजे इ. स. ९३१ मध्यें, एका वैद्याच्या चुकीनें रोगी मेल्याचें खलीफा अल् मुक्तदिर याच्या कानीं आलें. त्यानें सिनान इब्न साबित याच्याकडून परीक्षा घेतल्यावांचून कोणीही वैद्यकी करूं नये अशी आज्ञा केली. शहराच्या दोन्ही बाजू मिळून आठशें साठांहून अधिक वैद्य परीक्षेस पात्र ठरले. मात्र जे प्रख्यात होते व जे दरबारच्या नोकरींत होते त्यांस परीक्षा माफ झाली. अरबी चरित्रकार पुढें सांगतात कीं, एक भारदस्त वृद्ध सिनानकडे आला, नाणीं पुढें ठेवून म्हणाला, मला धड लिहितां-वाचतां येत नाहीं, पण माझें कुटुंब यावर चालतें. सिनाननें त्यास, न समजणाऱ्या रोगास हात लावूं नये व साध्या दुखण्याशिवाय शिरावेध किंवा रेचक देऊं नये, या अटीवर सोडून दिलें. दुसऱ्या दिवशीं एक तरुण आला. कोणाजवळ शिकलास, असें विचारतां तो म्हणाला, बापाजवळ. आणि बाप म्हणजे कालचाच वृद्ध. त्यासही तीच मोकळीक मिळाली. कथेंत विनोद असेल, पण ज्याचें नांव झालें त्यास तपासावयाचें नाहीं, आणि ज्याचें पोट त्यावर आहे त्यास काढावयाचें नाहीं, या दोन सवलती पुढील हजार वर्षांत पुन्हां पुन्हां दिसतात.

आपल्या प्रांताकडे आलों म्हणजे गोव्याचें उदाहरण समोर येतें. १६१८ सालीं तेथील नगरसभेनें ठराव केला कीं, मुख्य वैद्य व मुख्य शस्त्रवैद्य यांनीं परीक्षा घेतल्याशिवाय कोणी वैद्यकी करूं नये, आणि हिंदु वैद्यांची संख्या तीसच्या वर नसावी. येथें विद्येच्या कसोटीबरोबर सत्तेचा हिशेबही होता हें उघड आहे. परीक्षक कोणाच्या शास्त्राचा, व परीक्षा कोणास बाहेर ठेवण्यासाठीं, हे प्रश्न तेव्हांपासून आपल्या वैद्यांच्या मनांत असल्यास त्यांत नवल नाहीं.

मुंबईस ग्रँट वैद्यक महाविद्यालय १८४५ सालीं सुरू झालें व १८५१ मध्यें पहिली तुकडी पदवी घेऊन बाहेर पडली. तींत डॉ. भाऊ दाजी लाड होते. इतिहाससंशोधकांस ते शिलालेख, नाणीं व हस्तलिखितें यांचे संग्राहक म्हणून ठाऊक आहेत. परंतु पदवीनंतर विद्या कशी वाढवावी याचेंही ते उदाहरण होत. जुन्या औषधींकडे ते केवळ कुतूहलानें पाहत नसत. महारोगावर कवटीच्या तेलाचे प्रयोग त्यांनीं केले. १८७४ मध्यें ते वारले तोंपर्यंत रोगी तपासणें व पोथी तपासणें हे दोन्ही उद्योग त्यांनीं सोडले नाहींत. पण हें त्यांच्या स्वभावाचें फळ. कायद्यानें त्यांजकडे तें मागितलें नव्हतें.

कायदा आला तो १९१२ सालीं, मुंबई इलाख्याच्या वैद्यक अधिनियमाच्या रूपानें. त्यानें नोंदणी सुरू केली. देशी वैद्यांची नोंदणी या इलाख्यांत १९३८ च्या कायद्यानें झाली. पुढें १९७० च्या भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेच्या कायद्यांत शिक्षणाच्या अटी घालतांना, जेथें पूर्वीं नोंदवही नव्हती अशा राज्यांत पांच वर्षांहून कमी नाहीं इतका काळ व्यवसाय करीत असलेल्यांचा हक्क राखून ठेवण्यांत आला. बगदादच्या वृद्धाची सवलत ती हीच. तेव्हां राजानुज्ञा व दंड या सुश्रुत-कौटिल्यांच्या दोन टोंकांपेक्षां विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतील नोंदणी तत्त्वतः पुढें गेली नव्हती. फरक एवढाच कीं, अनुज्ञा राजाच्या मुखांतून न निघतां नोंदवहींत लिहिली जाऊं लागली.

मधली जागा भरण्याचा प्रयत्न प्रथम अमेरिकेंत झाला. तेथें १९६९ सालीं कुटुंबवैद्यांचें प्रमाणनमंडळ स्थापन झालें, तेंच दर सात वर्षांनीं पुन्हां परीक्षा देण्याच्या अटीवर. 'अमेरिकन बोर्ड ऑफ इंटर्नल मेडिसिन' या १९३६ सालच्या मंडळानें १९९० पासून आपलीं प्रमाणपत्रें दहा वर्षांपुरतीं केलीं. मात्र त्यापूर्वीं प्रमाणपत्र मिळविलेल्यांचीं जन्मभराचीं राहिलीं. येथेंही ज्येष्ठांस सूट! २०१४ मध्यें या मंडळानें सतत पुराव्याची नवी पद्धति लावतांच वैद्यांत मोठा असंतोष माजला, आणि फेब्रुवारी २०१५ मध्यें मंडळास जाहीर दिलगिरी व्यक्त करून तिचे कांहीं भाग थांबवावे लागले. इंग्लंडांत ब्रिस्टल येथील बालकांच्या हृदयशस्त्रक्रियांच्या चौकशीचा अहवाल २००१ सालीं निघाला. त्यानें वैद्यांची नियमित फेरतपासणी सक्तीची करण्याची शिफारस केली. ३ डिसेंबर २०१२ पासून तेथें पंचवार्षिक पुनःप्रमाणन सुरू झालें. तें लेखी परीक्षेचें नसून, दरवर्षीं दुसऱ्या वैद्यानें घेतलेल्या आढाव्यावर व सहकारी व रोगी यांच्या मतांवर चालतें. संभाषेशीं याचें दूरचें कां होईना, नातें आहे.

आपल्याकडे २००२ च्या वैद्यकीय आचारविषयक विनियमांत पांच वर्षांत निदान ३० तास वैद्यकीय संमेलनांत भाग घ्यावा असें कलम आलें. महाराष्ट्रांत नोंदणीचें पंचवार्षिक नूतनीकरण याच ३० च्या आंकड्याशीं जोडलें गेलें. राष्ट्रीय आयोगानें २ ऑगस्ट २०२३ रोजीं काढलेले नवे विनियम, ज्यांत हीच अट अधिक नेमकेपणानें होती, ते मुख्यतः औषधांच्या मूळ नांवांच्या सक्तीवरून वैद्यांनीं विरोध केल्यामुळें २३ ऑगस्ट रोजीं स्थगित झाले. ३० तास सभेंत बसल्याचें प्रमाणपत्र मिळतें. तेथें कोणी प्रश्न विचारला काय, कोणाचा संशय फिटला काय, हें त्या प्रमाणपत्रावरून कळत नाहीं. चरकाच्या सभेंत निदान तोंड उघडावें लागे.

वैद्यांचे आक्षेप आम्ही हलके समजत नाहीं. ते म्हणतात, अशा परीक्षेंत स्मरणशक्ति तपासली जाते, हात नव्हे. रोग्यांचा वेळ कागद भरण्यांत जातो. परीक्षा घेणाऱ्या मंडळांस त्यांतून द्रव्यलाभ होतो. आणि तीस वर्षें व्यवसाय केलेल्यास पुन्हां विद्यार्थ्याच्या बांकावर बसविणें मानहानीचें आहे. पहिला आक्षेप सुश्रुतास मान्य झाला असता. त्यानें भोपळ्यापासून बाहुल्यापर्यंत जी सामग्री सांगितली ती याचसाठीं. दुसरा व तिसरा व्यवस्थेचे आहेत व व्यवस्थेनें सुटावे. चौथा मात्र टिकत नाहीं. बहुवार कर्म पाहिलेलें असणें हा वैद्याच्या चार गुणांतील एक गुण खरा. पण चरकानें त्याच्या आधीं शास्त्राचें निर्मळ ज्ञान ठेवलें आहे, आणि नुसत्या वर्षांनीं तें निर्मळ राहत नाहीं. २००५ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका समालोचनांत अशा विषयावरील ६२ परीक्षणें एकत्र पाहिलीं असतां त्यांतील ३२ मध्यें व्यवसायाचीं वर्षें वाढतील तसतशी कामाची प्रत सर्व बाबतींत उतरलेली आढळली. २००६ सालच्या दुसऱ्या समालोचनांत वैद्यानें स्वतःविषयीं केलेला अंदाज व बाहेरच्या परीक्षकानें केलेलें मापन यांच्या २० तुलना होत्या. पैकीं १३ मध्यें दोहोंचा मेळ अल्प, शून्य किंवा उलटा निघाला. मला माझें उणें कळतें, हें वैद्याचें म्हणणें प्रामाणिक असलें तरी भरंवशाचें नाहीं. म्हणूनच शास्त्रकारांनीं आरसा स्वतःच्या हातीं न देतां तद्विद्याच्या हातीं दिला.

सारांश, नियतकालिक परीक्षा ही आपली जुनी चाल होती असें म्हणतां येत नाहीं; परंतु जन्मभर शिकावें व बरोबरीच्यांकडून तपासून घ्यावें हें वैद्याचें कर्तव्य आपल्या शास्त्रानें निःसंदिग्धपणें सांगितलें होतें. तें वैद्यवर्गानें स्वतः पाळलें असतें तर सरकारास तास मोजण्याचें कारण पडलें नसतें. आजही मधली जागा कोणी भरावयाची हा निर्णय बराचसा वैद्यांच्याच हातीं आहे. सलोख्याची संभाषा, जींत आपला फसलेला रोगी दुसऱ्यापुढें मांडतां येतो, ती त्यांनीं उभी केली तर बाहेरच्या परीक्षकाचें काम थोडें राहील. ती न केली तर राजा येणारच, व तो आपल्या मापानें मोजणार.

शेवटीं हस्तलिखितांच्या संग्राहकांस एक विनंति. वैद्यघराण्यांतून मिळणाऱ्या संहितांच्या पोथ्या आपण आदरानें ठेवितों. पण त्यांबरोबर जीं औषधांचीं फुटकळ बाडें येतात, मोडींत व बाळबोधींत मिश्र लिहिलेलीं, त्यांस किरकोळ समजून बाजूस टाकितों. वैद्य पदवीनंतर किंवा गुरुगृहानंतर शिकत राहिला कीं नाहीं, याचा पुरावा संहितेच्या शुद्ध प्रतींत सांपडणार नाहीं. तो या बाडांत आहे. यास्तव अशा बाडाची नोंद करितांना तीन गोष्टी अवश्य टिपाव्या: एकाच बाडांत किती हातांचें अक्षर व किती शाया आहेत, कोणता योग कोणा दुसऱ्या वैद्याकडून मिळाला असें नांव घातलें आहे काय, आणि कोणत्या योगावर मागाहून काट मारली आहे. पहिलीवरून लेखन किती काळ चाललें तें कळेल, दुसरीवरून संभाषा कोणाशीं होती तें, आणि तिसरीवरून आपला पूर्वीचा उपाय त्या वैद्यानें अनुभवानें टाकून दिला काय तें. आमच्या पाहण्यांत आलेल्या थोड्या बाडांत हीं तिन्ही लक्षणें आढळलीं आहेत. निरनिराळ्या गांवांच्या दप्तरांतून अशा नोंदी जमल्या तर महाराष्ट्रांतील वैद्यांच्या विद्याव्यासंगाचा इतिहास प्रथमच साधार लिहितां येईल.